खुडूक उठेपर्यंत

आमच्या घराण्यात एका जागी बसायची सवय कुणालाच नाही. मी ब्लाऊज शिवायला मशीनवर बसते तेव्हाही माझं अर्धं लक्ष मागच्या दाराकडे, कोंबड्यांकडे असतं. आणि माझे वडील, आप्पा, ते तर माझ्याही वरताण. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना सटाण्याकडच्या गावाहून नाशिक रोडला माझ्याकडे आणलं, तर पहिल्याच सकाळी चहा व्हायच्या आत ते कॉलनीला दोन चकरा मारून आले. कुणाच्या गेटचं बिजागर सैल झालंय, कुणाची टाकी भरून वाहतेय, सगळा तपास लावून आले. चहाचा कप हातात घेतला आणि विचारलं, "सटाण्याची गाडी किती वाजता असते गं?"

"अहो, काल तर आलात!"

"नुसतं विचारलं."

आणलं होतं आठ दिवसांसाठी, असं सांगून. पण माझ्या मनात वेगळंच होतं. आई गेल्यापासून ते गावी एकटे. मी एकुलती एक, शेत बटाईनं दिलेलं. अशात एकदा अंगणात चक्कर येऊन पडले, ते दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. मला कळलं तेही त्या दूधवाल्याच्या फोनवरून, कितीतरी दिवसांनी. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. गावाकडचा नंबर दिसला की मी हातातलं टाकून फोनकडे धावायची. ह्यांना आता परत धाडायचं नाही, हे मी पक्कं ठरवून टाकलं.

पण बाप लेकीच्या घरी किती दिवस राहणार? आमच्याकडची जुनी माणसं तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आप्पा तेवढे जुने नाहीत, तरी चार दिवस झाले की आपण जावयाच्या जिवावर बसलोय असं त्यांना वाटायला लागतं. माझे मिस्टर म्हणजे देवमाणूस. सरकारी नोकरी, सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी यायचं, सासरे दिसले की टीव्हीचा आवाज कमी करायचा. आप्पांना तेही लागायचं. "माझ्यापायी जावईबापूंना टीव्ही ऐकता येत नाही," म्हणून ते बाहेर जाऊन गेटची कडी काढत-घालत उभे राहायचे. त्या कडीच्या आवाजानं माझी शिवण वाकडी जायची.

एक सांगते, आप्पा माझ्याशी अहिराणीत बोलतात. ती सगळी इथं उतरवत बसत नाही, निम्मी तुमच्या डोक्यावरून जाईल. पण नवव्या दिवशी पिशवीची चेन लावत ते जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला हवं. म्हणाले, "पोरी, मना जीव आठे लागत नही."

जीव लागत नाही म्हणे! माझं डोकं सणकलं. "मग जाऊन काय करणार? कोण आहे तिथं? कुलूप उघडायचं, झाडलोट करायची आणि भिंतीकडे बघत बसायचं! हट्टीपणा म्हणजे किती!" मी तोंडाचा पट्टा सोडला आणि मग राग घालवायला मागच्या दारी गेले. कोंबड्या मी हौस म्हणून पाळते, खायला-विकायला नाही. मिस्टर म्हणतात, भांडायला कुणी सापडलं नाही की ही कोंबड्यांशी भांडते. सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा, एवढाच पसारा. त्यातली तांबडी दोन दिवस खुराड्यात फुगून बसली होती. उठवायला गेलं की गुरगुरायची, हाताला टोचायची. म्हणजे खुडूक झालेली, अंडी उबवायला बसलेली. मी तिला बादलीभर पाण्यात बुडवून तिचं खूळ घालवणार होते. हात बादलीपर्यंत गेलाही होता. तिथंच माझी ट्यूब पेटली.

आईचा एक नियम होता. ज्याच्या हातानं खुडूक बसवली त्यानंच तिला दाणापाणी द्यायचं, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, आणि ती पिलं घेऊन उठेपर्यंत त्यानं गाव सोडायचं नाही. शास्त्र काय ते आईलाच ठाऊक. पण ह्या नियमापायी आप्पांनी सख्ख्या साडूच्या पोरीचं लग्न चुकवलं होतं आणि वर्षभर बोलणी खाल्ली होती. आई गेली म्हणून तिचा नियम मोडणारा माणूस तो नव्हे.

मी घरात आले आणि अगदी गरीब गायीसारखी म्हणाले, "आप्पा, जायचं तर जा. पण ती तांबडी तेवढी बसवून द्या. माझ्या हाताला यश नाही."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "अंडी कुठंयत?"

अंडी होती. घोटीकडची माझी एक गिऱ्हाईक आहे, तिच्या सासरी भाताच्या खाचरांत बदकं असतात. ब्लाऊज न्यायला येताना तिनं बदकाची सात अंडी आणली होती, आम्लेट करा म्हणून. मला मेलीला बदकांची केव्हाची हौस. मोबाईलवर बदकांचे व्हिडिओ बघून बघून मला एक गोष्ट पाठ झाली होती. कोंबडीची अंडी तीन आठवड्यांत फुटतात, बदकाची चार. आणि आप्पांनी जन्मात बदक पाळलेलं नव्हतं. आमच्या बागलाणात विहिरीचं पाणी कांद्याला पुरत नाही, बदकं कुठं पोहणार? म्हणजे एक आठवडा माझ्या पदरात फुकटचा.

आप्पांनी पाटीत राख पसरली, वर भुसा टाकला, मधोमध खळगा केला. कडेला कोळसा, खिळा आणि सुकी मिरची ठेवली, आई ठेवायची तशी. बदकाची थोराड अंडी हातात फिरवून बघितली आणि हसले. "हिला वाटेल, आपण हत्ती घातले." मी गॅसवरचं दूध बघायला आत पळाले. परत येईपर्यंत तांबडी पाटीत बसलीसुद्धा, पंख पसरून.

आता तुम्हाला वाटेल, आप्पाही निवांत झाले असतील. छे! कोंबडी बसली आणि हे दुप्पट फिरायला लागले. खुराड्याची जाळी बदलली. मुंगूस शिरेल म्हणून तळाशी विटा लावल्या. बदकांना डुंबायला घमेलं पुरायचं म्हणून माझी गुलाबाची कुंडी हलवली. रोज संध्याकाळी पाटीजवळ उकिडवे बसून तांबडीला विचारायचे, "झालं का गं?" मी मशीनवरून ऐकायची आणि दिवस मोजायची. तीन आठवडे संपले की हे विचारणार, अंडी का फुटत नाहीत. मग मी सांगणार, बदकं आहेत, जरा थांबा. मग पुढं काय? पुढचं मला सुचत नव्हतं. आणखी एक कोंबडी खुडूक व्हावी म्हणून मी बाकीच्या पाचींकडे रोज आशेनं बघायची. एकीलाही दया आली नाही.

आणि एका सकाळी मागच्या दारातून आरोळी आली. "उठनी व पोरी, खुडूक उठनी!"

मी हातातली कात्री टाकून धावले. तांबडी अंगणात उभी, मान ताठ, आणि तिच्या पायात चार पिलं चिवचिवत होती. कोंबडीची पिलं! मला काही कळेना. पाटीत बदकाची सातही अंडी जशीच्या तशी, आणि हात लावला तर गार.

"ही कुठून आली?"

"मीच ठेवली होती तिचीच चार अंडी," आप्पा म्हणाले. "तू दूध बघायला गेलीस तेव्हा. म्हटलं, एवढी बसणार बिचारी, तर एखादं तिचं स्वतःचंही असू दे."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. तिची पिलं वेळेवर निघाली, आणि ती त्यांना घेऊन उठली. बदकांसाठी कशाला थांबेल? आप्पांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. खुडूक उठली, नियम संपला. खुंटीवरची पिशवी काढायला ते वळले आणि माझा तोल गेला.

"असं कसं जाता? बदकांना अजून आठवडा आहे! बदकांना चार आठवडे लागतात!"

आप्पा थांबले. "तुला माहीत होतं?"

मी पदराशी चाळा करत उभी राहिले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण ते पाटीजवळ गेले, एक अंडं उचललं, कोठीच्या अंधारात नेलं आणि मला मोबाईलची बॅटरी लावायला सांगितली. उजेडात आतली काळी सावली दिसली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. सावली हलली.

"जित्तं शे," आप्पा म्हणाले आणि टोपी काढून ठेवली.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. थर्माकोलचं खोकं आणलं, त्यात बल्ब सोडला, वाटीत पाणी ठेवलं, आत तापाचं थर्मामीटर. पारा शंभराच्या जरा अलीकडे राहायला हवा, नाहीतर पिलं उकडतील किंवा गारठतील. मी शिवता शिवता उठून बघायची, ते अंगणातून येऊन बघायचे, संध्याकाळी मिस्टरही बूट न काढता आधी खोक्यात डोकवायचे. एका दुपारी लाईट गेली आणि येईना. आप्पांनी सातही अंडी लोकरीच्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतली आणि ओट्यावर उन्हात बसले. पाय हलवू नका म्हटलं तर हलवले नाहीत. जेवणही मी त्यांना तिथंच भरवलं, हात मोकळे नव्हते म्हणून. त्या आठवड्यात आम्ही दोघं बदकांखेरीज कशाबद्दलही बोललो नाही. मला धाकधूक होती की ते त्या लबाडीवरून बोलतील, आणि न बोलल्यानं आणखी जीव टांगणीला लागायचा.

रविवारी सकाळी पहिल्या अंड्याला चीर गेली. दुपारपर्यंत पाच पिलं बाहेर आली, पिवळी, ओली, चपट्या चोचींची. दोन अंडी फुटलीच नाहीत. पिलं वाळल्यावर आप्पांनी त्यांना घमेल्यात सोडलं. ती लगेच तरंगायला लागली, कुणी न शिकवता. तांबडी आपल्या चार पिलांना घेऊन लांबूनच हे बघत होती. मी टाळ्या पिटल्या, हसले, आणि हसता हसता आठवलं की आता काहीच उरलं नाही. अंडी संपली, नियम संपला. माझा हात जाऊन आपोआप त्यांच्या सदऱ्याची बाही धरून राहिला.

आप्पा घमेल्याकडे बघतच म्हणाले, "सात अंडी उबवलीस मला अडकवून ठेवायला. मी रोज विचार करतो, ही पोरगी कधी म्हणेल. जाऊन काय करणार म्हणालीस. कोण आहे तिथं म्हणालीस. हट्टी म्हणालीस. आप्पा, राहा, असं एकदा तरी म्हणालीस का? बापानं आपण होऊन लेकीच्या घरात कसं राहायचं गं?"

मला रडूच फुटलं. खरंच की! दुनियेला तोंडावर बोलणारी मी, हे दोन शब्द तेवढे माझ्या तोंडून निघाले नव्हते. मी गृहीत धरलं होतं की त्यांना कळतं. बाही न सोडताच म्हटलं, "आप्पा, राहा."

"कितला दिन?"

"कायमचे."

त्यांनी डोळे पुसले आणि घरात टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या मिस्टरांच्या दिशेनं मान केली.

"जोरमा सांग," म्हणाले. "जवाईले आयकू जाऊ दे."

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या दोघी कठड्यावरून वाकून बघायला लागल्या, आणि आतला टीव्ही बंद झाला.