सात नंबरचा बिल्ला

सैन्याच्या नर्सिंग सर्व्हिसमधून मी कॅप्टन म्हणून बाहेर पडले आणि त्याच वर्षी रोह्याला आले. तुमच्या आजोबांना धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत नोकरी लागली होती. कंपनीने मला दवाखान्याचं काम दिलं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, चार खाटा आणि ऑक्सिजनची एक टाकी. भिंतीपलीकडे कंपनीचं फायर स्टेशन. माझं माहेर पेणचं, त्यामुळे इथली बोली आणि इथली माणसं मला नवी नव्हती.

ईरा, तू राहतेस तिकडच्या फायर ब्रिगेडमध्ये नाव दिलंस आणि मला लिहिलंस, "आजी, आर्मीतली एखादी आठवण सांग, मला उपयोगी पडेल." हॉस्पिटलच्या आठवणी पुष्कळ आहेत. तुला उपयोगी पडेल ती मात्र धाटावची आहे. तिच्यातल्या काही गोष्टींचा मला अजून उलगडा झालेला नाही. तरी क्रमाने लिहिते. तुझ्या भावाला, कबीरलाही वाचून दाखव.

फायर स्टेशनचे प्रमुख सुभेदार मोरे. महाडकडचे, सैन्याच्या इंजिनिअर्समधून निवृत्त झालेले. मी वयाने लहान असूनही ते मला कायम 'कॅप्टनसाहेब' म्हणत. बाकीचे 'सिस्टर' म्हणत. पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघांनी एक नियम केला. आगीतून बाहेर आलेला माणूस आधी माझ्यासमोर बसेल, मीठ-साखरेचं पाणी पिईल, मी त्याची नाडी बघेन, आणि मी हो म्हटल्यावरच तो पुन्हा आत जाईल. फायरमनना हे आवडलं नाही. तुकाराम नावाचा एक दांडगा फायरमन म्हणाला, "आमी काय बाळंतीण हाव काय, सिस्टर?"

सुभेदार म्हणाले, "बाळंतीण सांगितलेलं ऐकते तरी. बस खाली."

तुकाराम बसला.

दुसरा नियम बिल्ल्यांचा. तो सुभेदारांचा. प्रत्येक फायरमनला नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला होता. आग लागली की गाडीजवळ एक लाकडी बोर्ड उभा करायचे. त्याच्या डाव्या बाजूला 'आत' आणि उजव्या बाजूला 'बाहेर' असं रंगवलेलं होतं. आत जाणाऱ्याने बिल्ला डावीकडे लावायचा. तो बाहेर आला की बोर्डाजवळच्या माणसाने बिल्ला उजवीकडे न्यायचा. धुरात शिरताना पाठीवर हवेची टाकी आणि चेहऱ्यावर मुखवटा असतो; त्याला आम्ही सेट म्हणायचो. त्या वेशात सगळे सारखेच दिसतात. कोण आत आहे ते फक्त बोर्ड सांगतो. डावी बाजू रिकामी झाली की सगळे बाहेर आले. मग आग विझवण्यासाठी काहीही करायला मोकळीक.

आता गणपतीची गोष्ट. आपल्याकडे चतुर्थीला माणूस घरी नाही असं होत नाही. पण फायर स्टेशन बंद ठेवता येत नाही आणि सगळ्यांना रजाही मिळत नाही. म्हणून त्या माणसांनी आपापसात एक रीत पाडली होती. चतुर्थीला स्टेशनवरचे मुसलमान फायरमन जमेल तेवढ्या हिंदूंची ड्यूटी करायचे आणि ईदला हिंदू त्यांची करायचे. ऑफिसात सांगायचं तर अर्ज, मंजुरी, सही. त्यापेक्षा सोपं म्हणजे ज्याची ड्यूटी त्याचा बिल्ला गळ्यात घालायचा आणि गेटवर तोच नंबर सांगायचा. वर्षानुवर्षं हे चालू होतं. सुभेदारांना माहीत होतं. ते कानाडोळा करत. मला वाटतं, त्या रीतीचा त्यांना थोडा अभिमानही होता.

त्या वर्षी सात नंबरचा बिल्ला काशिनाथ भोईरचा होता. तो निडीचा, घरी भातशेती. चतुर्थीला त्याच्या जागी इस्माईल आला. इस्माईल रोह्याचा, आईबरोबर राहायचा. त्याची स्वतःची त्या दिवशी सुट्टी होती. भोईरने घरी गणपती बसवून दुपारी परत यायचं आणि इस्माईलला मोकळं करायचं, असं ठरलं होतं. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. तुम्हाला आधीच सांगते, नाहीतर तुमचाही आमच्यासारखाच गोंधळ होईल.

सकाळी बिल्ला देताना त्यांचं बोलणं झालं ते तुकारामने मला नंतर सांगितलं.

"मोदक आणतो तुला. मोजून पाच."

"अकरा आण. आई हाय घरात."

तुकारामने इस्माईलला चिडवलं, "आज तू भोईर. आरती म्हनून दाखव." इस्माईलने ती न अडखळता म्हटली. तुकाराम म्हणाला, "आयला, काशिनाथपेक्षा बरी म्हनतोस."

जेवणानंतर सायरन झाला. सॉल्व्हंटच्या पिंपांच्या गोदामात आग लागली होती. मी स्ट्रेचर आणि पाण्याचं पिंप घेऊन पोहोचले तेव्हा मुखवटे चढलेले होते. बोर्ड उभा होता, पण त्याच्याजवळचा माणूस पंपाची नळी जोडायला गेला होता. पहिली जोडी तुकाराम आणि सात नंबर. दोघे पाण्याचा होज ओढत दारातून आत गेले. सुभेदार पंपहाउसकडून धावत आले तोवर त्यांची पाठ दिसेनाशी झाली होती. सुभेदारांनी बोर्ड पाहिला. मला म्हणाले, "तुकाराम आणि भोईर. ठीक. दोघे जुने आहेत."

मी टेबल मांडलं. धूर आधी पिवळट होता, मग काळा झाला. वसाहतीतल्या लाऊडस्पीकरवर आरती चालू होती. पंपाचा आवाज, पिंपं फुगल्याचे धडधड आवाज आणि वरून ती झांज. कोण काय बोलतं आहे ते तोंडाकडे बघून ओळखावं लागत होतं.

सुभेदारांच्या हातात वॉकी-टॉकी होता.

"पंप एक, प्रेशर?"

"प्रेशर ठीक. फोम तयार."

"फोम थांबवा. दोघे आत आहेत." फोम म्हणजे दार लावून गोदाम भरून टाकणारा फेस; आत माणूस असेल तर तो सोडता येत नाही.

मग आत काहीतरी मोठं कोसळलं. पिंपांची मांडणी पडली असावी. सुभेदारांनी माघारीचा भोंगा वाजवायला लावला. थोड्या वेळाने तुकाराम बाहेर आला. एकटा. गुडघ्यांवर पडला. त्याच्या टाकीची शिट्टी वाजत होती. टाकीतली हवा संपत आली की ती आपोआप वाजते, कर्कश, थांबत नाही. मी त्याचा मुखवटा काढला. तो ओकत होता. दाराकडे हात करत होता. बोलता येत नव्हतं.

"भोईर कुठे आहे?" सुभेदारांनी विचारलं. तुकारामने जोरात मान हलवली. त्याचा अर्थ आम्हाला कळला नाही. आज मला वाटतं तो म्हणत होता, भोईर नव्हे.

नेमक्या त्याच वेळी काशिनाथ भोईर तिथे आला.

ठरल्याप्रमाणे तो निडीहून परतला होता. गेटवर आग कळली तसा धावत आला. नवा सदरा, कपाळावर कुंकू, हातात डबा. बाहेर आलेले फायरमन अंगातला ओला कोट काढूनच फिरतात, त्यामुळे नुसत्या सदऱ्यातला माणूस तिथे कुणाला वेगळा वाटला नाही. कुंकू मी पाहिलं, पण त्यावरून काही सुचलं नाही. सुभेदारांनी भोईरचा चेहरा पाहिला. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. त्यांनी सात नंबरचा बिल्ला डावीकडून काढून उजवीकडे लावला.

भोईरने ते पाहिलं. त्याच्या मते सात नंबर म्हणजे आज इस्माईल. बिल्ला उजवीकडे गेला म्हणजे इस्माईल सुखरूप बाहेर आला. त्याचेही खांदे उतरले.

दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. दोघेही निश्चिंत झाले.

"बोर्ड क्लिअर," सुभेदार वॉकी-टॉकीवर म्हणाले. "दार बंद. फोम सोडा."

दार ओढलं गेलं. फोम सुटला. मी तुकारामच्या पाठीवरची टाकी बंद केली.

शिट्टी वाजतच राहिली.

मी टाकीचं चाक पुन्हा पिळून पाहिलं. बंद होतं. तरी शिट्टी. मला वाटलं माझ्याच कानात बसली आहे. मी टाकीला कान लावला. टाकी गप्प होती. आवाज दाराच्या पलीकडून येत होता. दोघांच्या टाक्या एकदमच भरलेल्या आणि एकदमच उघडलेल्या. दोन शिट्ट्या आम्ही एकच समजलो होतो.

"सुभेदारसाहेब, आत शिट्टी वाजतेय."

"कुणाची? बोर्ड क्लिअर आहे."

"माहीत नाही. पण वाजतेय."

त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग भोईरकडे. भोईर माझ्या टेबलाजवळ उभा होता. तो मला विचारत होता, "इस्माईल कुठं हाय, सिस्टर? पानी पियाला गेला काय?"

मग तुकारामला पहिला शब्द फुटला. "आत."

"फोम बंद. दार उघडा," सुभेदार म्हणाले. भोईरने डबा टाकला आणि दाराकडे धावला. सुभेदारांनी त्याला मागून धरलं, जमिनीवर पाडलं.

"सोडा, साहेब. माज्या जागी हाय तो."

"सेट नाही, जोडी नाही. तू जाणार नाहीस. मला आणखी एक नको."

दुसरी जोडी सेट चढवत होती. त्यांचे पट्टे आवळले जात असताना शिट्टी थांबली. मी टेबलाची कड धरून उभी होते. लाऊडस्पीकरवरची आरतीही तेव्हाच संपली की आधी, ते आठवत नाही. मला फक्त शांतता आठवते.

त्यांनी इस्माईलला बाहेर आणलं. जे सैन्यात शिकले होते ते सगळं मी केलं. ॲम्ब्युलन्समध्येही करत राहिले. रोह्याच्या डॉक्टरांनी माझा हात धरून बाजूला केला. मांडणी पडली त्याच वेळी वर्मी मार लागला होता का, मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मधली ती मिनिटं नसती तर? तेही सांगता येत नाही. आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही.

गोंधळ तिथेही संपला नाही. गेटवर सात नंबर म्हणजे काशिनाथ भोईर अशी नोंद होती. कुणीतरी निडीला तो गेल्याचा निरोप धाडला. गणपतीसमोर आरती राहिली आणि भोईरच्या दारात माणसं जमली. भोईर संध्याकाळी घरी पोहोचला तेव्हा त्याच्या बायकोने त्याला हात लावून पाहिलं आणि मग मारलं. तो मार त्याने खाल्ला.

इस्माईलच्या घरी मात्र कुणी गेलंच नव्हतं. सुभेदार आणि मी गेलो. त्याची आई तांदूळ निवडत होती. सुभेदारांनी टोपी काढली आणि सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून समजूत घातल्यासारखी म्हणाली, "त्याची आज सुट्टी हाय गो. दुसरा कोन असंल." आत जाऊन तिने खुंटीवरचा इस्माईलचा बिल्ला आणून दाखवला. "हा बघ. हा घरात हाय. बिल्ल्याशिवाय आत जातात काय?"

आम्ही तिच्याजवळ बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉल-इन झाला, सगळे रांगेत उभे राहिले. मला वाटलं होतं, सुभेदार बिल्ले बदलणाऱ्यांना झोडपतील. ते म्हणाले, "रीत मला माहीत होती. मी बघून न बघितल्यासारखं केलं. बिल्ला मी हलवला, माणूस न मोजता. चूक माझी आहे. ऑफिसला तसंच लिहून दिलंय." मग म्हणाले, "सणाला एकमेकांची ड्यूटी करायची असेल तर करा. ते मी बंद करणार नाही. पण इथे, सगळ्यांसमोर, तोंडाने सांगून. गळ्यात बिल्ला स्वतःचाच. बाहेर आलेल्याने मुखवटा काढून बोर्डाजवळ स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याशिवाय बिल्ला हलणार नाही. मी सांगितलं तरी नाही."

त्यानंतर कित्येक दिवस तुकारामला झोप नव्हती. तो दवाखान्यात येऊन बसायचा. मीठ-साखरेचं पाणी मागायचा. मी नाडी बघायची. भोईर राजीनामा घेऊन आला तेव्हा सुभेदारांनी त्याला विचारलं, "बोर्डावर कोण उभा राहील?"

"कुनीपन राहील."

"कुणीपण नको. आता माझी ऑर्डर मोडून बिल्ला धरून ठेवणारा माणूस पाहिजे. तो तू."

भोईर बोर्डावर उभा राहिला आणि नोकरी संपेपर्यंत तिथेच राहिला. एकदा बाहेर आलेल्या माणसाने घाईत नाव सांगितलं नाही. फोम हवा म्हणून सुभेदार ओरडत होते. भोईरने बिल्ला मुठीत धरला आणि नकारार्थी मान हलवली. नाव आलं, मग बिल्ला उजवीकडे गेला. आग विझल्यावर सुभेदार माझ्या टेबलाशी आले. मला म्हणाले, "कॅप्टनसाहेब, पोस्टिंग बरोबर झालं."

इस्माईलच्या आईने त्याचा बिल्ला पुढच्या चतुर्थीला भोईरला दिला. तो मोजून अकरा मोदक घेऊन तिच्याकडे गेला होता, तेव्हा. त्याने तो बिल्ला बोर्डाच्या उजव्या बाजूला लावला. सुभेदारांनी तो काढायला लावला. म्हणाले, बोर्डावर फक्त ड्यूटीवरची माणसं. भोईरने तो काढून खिशात ठेवला.

पण रोज ड्यूटी संपली, सगळ्यांचे बिल्ले परत गेले आणि बोर्ड पुरता रिकामा झाला की तो खिशातून इस्माईलचा बिल्ला काढायचा. 'बाहेर'च्या बाजूला लावायचा. क्षणभर बघायचा. मग काढून खिशात ठेवायचा आणि सायकल घेऊन निडीला जायचा.