तिसऱ्या बाटलीतलं पाणी

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा गिरण चालू होती. पट्ट्याच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून त्याच्या मुलाला, सागरला, तेच वाक्य दोनदा सांगायला लावलं. "काका, पप्पा गेले. सकाळी चहाला उठलेच नायत." बरं, म्हणालो, फोन खिशात टाकला आणि समोरच्या बाईचं भात भरडून दिलं. आमच्या कासू गावात म्हणे त्याची चर्चा झाली, दोस्त गेला आणि हा पोती उचलतोय. होऊ दे. दीड वर्ष माझ्या मनात एकच होतं, की दत्ताने माझी माफी मागायला हवी. ती न मागताच तो निघून गेला, याचं मला दुःखापेक्षा संताप जास्त आला. खोटं कशाला बोलू?

पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी बापाची भाताची गिरण धरली आणि तो रोह्याला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर लागला. शिफ्टचा माणूस, आकड्यांचा माणूस. चाळिशी उलटल्यावर त्याला घरी बियर करायचं वेड लागलं. विकायची नाही, घरापुरती, पण अगदी धान्यापासून. मोड आणून वाळवलेला जव भरडायचा, तासभर गरम पाण्यात ठेवायचा, की साखर पाण्यात उतरते. मग खालचा नळ सोडून ते गोड पाणी काढायचं आणि चोथ्यात अडकलेली साखर वरून आणखी गरम पाणी सोडून धुऊन घ्यायची. या धुण्याला स्पार्जिंग म्हणतात, हे मला त्यानेच शिकवलं. "बियर काय, कोणपण उकळवेल रे," तो म्हणायचा, "धुवायला अक्कल लागते." आणि ही सगळी अक्कल चालायची लग्नात पाणी ठेवतात त्या नळाच्या जारमध्ये!

एका रविवारी त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने जवात नाचणी मिसळली. नाचणीला टरफल नाही. आत सगळा चिखल बसला, नळातून थेंब येईना. मला फोन. "इब्रा, तूस हाय ना तुझ्याकडे? पोतं भरून ये, आत्ताच्या गाडीने."

"म्हैस घेतलीस काय रे?"

"तू ये तर!"

गेलो. तूस धुतला, चोथ्यात कालवला. भाताचा तूस, म्हणजे दाण्यावरचं टरफल, आडवातिडवा बसतो, पाण्याला वाट ठेवतो. दहा मिनिटांत नळाला धार लागली आणि हा पन्नाशीकडे झुकलेला बाप्या मोरीत नाचला. त्या दिवसापासून दर महिन्याचा एक रविवार माझा रोह्याला.

मी दारूला शिवत नाही. पण खमीर पडेपर्यंत ते नुसतं जवाचं पाणी असतं, आणि मी खमीर पडायच्या आत उठून घरी निघायचो. माझं काम जिभेचं. दत्ता झारीने बारीक धार सोडायचा, पाणी कढत असेल पण उकळतं नाही. पहिलं पाणी काकवीसारखं उतरतं, मग गोडी पातळ होत जाते आणि एका क्षणी जीभ आक्रसते… कच्ची सुपारी चावल्यासारखी. तिथे थांबायचं. आणखी चार तांबे निघतील म्हणून हाव केली की सगळी बियर तुरट. दत्ताकडे साखर मोजायची काचेची नळी होती, पण माझी जीभ नळीच्या आधी बोलायची. त्याने दोन्ही करून पाहिलं होतं. मग आमची रीतच पडली. दोघांनी चमच्याने एकदम चाखायचं आणि एकदम म्हणायचं, "बस!" अकरा वर्षांत आमचं 'बस' क्वचितच पुढेमागे झालं.

आणि मग तो रविवार. सागरचे पुण्याचे मित्र आले होते. एकाने दुर्बिणीसारखं छोटं यंत्र आणलेलं. त्यावर थेंब टाकून डोळा लावायचा की साखर दिसते. दत्ताने मला चमचा दिलाच नाही. सारखा डोळा लावून आकडे वाचत बसला. पोरांपैकी एकाने विचारलं, हे कोण? दत्ता माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे आमचे गिरणीवाले. तूस आणून देतात."

तूस आणून देतात! अकरा वर्षं ज्याच्या जिभेवर तुझी बियर उभी, तो नुसता तूस आणून देतो? मी पाणीसुद्धा न पिता उठलो. त्यानेही थांबवलं नाही.

दोनेक महिन्यांनी रोज रोह्याहून कासूला येणारे एक मास्तर गिरणीत आले. पिशवीत तीन बाटल्या. पहिलं पाणी, मधलं पाणी, शेवटचं पाणी, वर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. सोबत कागद, त्यावर दत्ताचं अक्षर : "कुठे थांबू?" मला असा काही भडका उठला, की तिन्ही बाटल्या गटारात ओतल्या. तिसऱ्या बाटलीचं पाणी गढूळ होतं, वासावरूनच कळत होतं की हा थांबायला चुकतोय. दोन शब्द लिहिले असते तर काम झालं असतं. नाही लिहिले. रिकाम्या बाटल्या मास्तरांच्या हाती परत पाठवल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तीन आल्या. पुन्हा तेच केलं. यंत्राला विचार म्हणावं.

तेराव्याला गेलो. लोकलाजेस्तव गेलो. पंगती उठल्यावर वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या. मी म्हणालो, "शेवटी भेट नाय झाली, वहिनी." हे बोलतानाही आवाजात तक्रारच होती.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला खरंच नाय कळलं?"

"काय?"

"त्या मोठ्या तापानंतर त्यांची चव गेली ती परत आलीच नाय. गोड-कडू काय कळायचं नाय. मला आमटीवरून कळलं. एकदा मी मीठच घालायला विसरले, आणि हे म्हणतात, झकास झालीय."

ताप दीडेक वर्षामागचा. पुण्याची पोरं आली तो तापानंतरचा आमचा पहिलाच रविवार. चमचा माझ्या हाती दिला असता तर रीतीप्रमाणे त्यालाही चाखावं लागलं असतं, आणि माझ्याबरोबर 'बस' म्हणता आलं नसतं… आणि मी, जिभेचा एवढा मोठा शहाणा, समोर बसून तूस-तूस करत राहिलो!

"मग मला सांगायचं ना!" तेराव्याच्या घरात मी ओरडलोच. सागर आतून धावत आला.

"शपथ घातलेली मला," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, इब्राला कळलं तर तो कीव करत येईल. ते नको. बाटल्या बघून चिडेल आणि भांडायला येईल, तसा येऊ दे."

कासूहून रोह्याला गाडीने तासही लागत नाही. मी भांडायलासुद्धा गेलो नाही.