रूपा कंडक्टरचा खांब

रूपा कंडक्टरशी भांडून कुणी जिंकल्याचं कर्जत-मुरबाड रस्त्यावर कुणाला आठवत नाही. दारू पिऊन चढलेल्या एकाला तिने कशेळ्याच्या नाक्यावर कॉलर धरून खाली उतरवलं होतं, आणि गाडी सुटल्यावरही खिडकीतून त्याला सुनावत राहिली होती. चाळिशी ओलांडलेली, अंगाने किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. नवरा कपिल खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर. घर कशेळ्याच्या पुढे एका गावात, बौद्धवाडीच्या अगदी टोकाला. घरामागे परस, परसाला काट्यांची वई आणि वईपलीकडे भिवाजीचा गोठा.

या बाईला दुर्बिणीचं वेड लागलं ते एका विसरलेल्या बॅगेमुळे. मुंबईची काही मंडळी सुट्टीच्या दिवशी जवळच्या एका शेतावर लोकांना आकाश दाखवायला यायची. त्यांच्यातल्या एकाची बॅग बसमध्ये राहिली. ड्युटी संपल्यावर रूपा ती द्यायला गेली, तेव्हा त्यांनी तिला दुर्बिणीतून चंद्र दाखवला. खड्डे, खड्ड्यांच्या कडा आणि त्या कडांच्या पडलेल्या काळ्या सावल्या. रूपा बाजूला होईना. मागे रांग लागली. कुणीतरी "मॅडम, प्लीज" म्हणालं, तर ती त्याच्यावरच खेकसली, "थांब ना जरा! बसमध्ये मी ढकलते का तुला?"

त्यांचीच एक जुनी दुर्बीण तिने पुढच्या वर्षी विकत घेतली. पण घरी आणल्यावर नवीच पंचाईत झाली. दुर्बीण तिपाईवर उभी, तिपाई परसातल्या हलत्या फरशीवर. कपिल नुसता पाणी प्यायला उठला तरी चंद्र थरथर कापायचा. तिने त्या मंडळींना फोन केला. ते म्हणाले, खांब घाल. काँक्रीटचा, जमिनीत खोल गेलेला, आणि फरशीला कुठेही न चिकटलेला. माथ्यावर चार बोल्ट उभे ठेव, त्यांच्यावर दुर्बीण पक्की बसेल.

दिवाळी झाल्यावर दोघांनी खड्डा खणायला घेतला. वरची माती लगेच संपली आणि मुरूम लागला. पहार मारली की ठिणगी उडायची.

"लोक परसात न्हाणी बांधतात. आमी खांब बांधतो," कपिल म्हणाला.

"बडबडू नको. पहार मार."

वईपलीकडून भिवाजी बघत होता. साठीचा माणूस, चार म्हशी, गावात वजन.

"काय गं रूपा, कसला खड्डा?"

"खांबाचा, दादा."

"लायटीचा?"

"नाय. दुर्बिणीचा."

भिवाजी हसला नाही. "दुर्बीण हातात धरत्यात," एवढं बोलून तो म्हशींकडे वळला.

गावातल्या धाऊ गवंड्याने जाड पाइप उभा करून त्यात सळ्या बांधल्या आणि काँक्रीट ओतलं. काही दिवसांनी पाइप कापून काढला. छातीएवढ्या उंचीचा, गोल, गुळगुळीत खांब उभा राहिला आणि त्याच्या माथ्यावर चार बोल्ट. रूपा त्यावरून हात फिरवत राहिली. तेच बोल्ट भिवाजीला वईवरून दिसले.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की रूपाच्या परसात बाबासाहेबांचा पुतळा बसणार आहे, चौथरा तयार झालाय.

यामागे एक जुनी ठिणगी होती. आदल्याच वर्षी बौद्धवाडीने गावाच्या वेशीत पुतळ्यासाठी जागा मागितली होती. ग्रामपंचायतीत शिवीगाळ झाली, पोलिसांची गाडी आली आणि विषय तसाच दाबून टाकला गेला. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे डोळे बारीक करून बघत होती.

पहिला फटका धाऊने दिला. खांबाभोवतीची फरशी बसवायला तो आलाच नाही. रूपाने बसमध्ये त्याला गाठलं, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला गावात कामं करायची हायत, ताई." मग गावातल्या बाया तिच्या हातून तिकीट घेताना बोलेनाशा झाल्या. नुसतं गावाचं नाव सांगायचं आणि तोंड फिरवायचं. भिवाजीने गोठ्यातलं शेण बरोबर वईला लावून टाकायला सुरुवात केली. माश्या स्वयंपाकघरापर्यंत आल्या.

एका रविवारी सकाळी परस माणसांनी भरलं. पुढे भिवाजीचा पुतण्या प्रवीण, तो पंचायतीचा सदस्य. त्याच्या मागे ग्रामसेवक आणि गावातली पंधरा-वीस माणसं.

"हे काय हाय?" प्रवीणने खांबावर चापटी मारली.

रूपा आत गेली. दुर्बीण उचलून आणली, बोल्टांवर बसवली, नट आवळले. "हे हाय. डोळा लाव. समोर माथेरानचा डोंगर दिसतो. झाडं मोज."

प्रवीणने डोळा लावला नाही. मागच्या एकाला लावायचा होता, तो पुढे सरकला, तर प्रवीणने त्याला हातानेच मागे ढकललं.

"हे आज. आमी गेल्यावर उद्या वर काय ठेवशील, आमाला काय म्हाईत?"

"माझ्या परसात काय ठेवायचं ते तुला विचारून ठेवू?"

ग्रामसेवक मधे पडले. "बाई, विनापरवानगी बांधकाम आहे हे."

"आणि भिवाजीदादाचा गोठा? तो परवानगीने बांधलाय?"

वईपलीकडे उभ्या भिवाजीचा चेहरा तांबडा झाला.

"तोडून टाका," प्रवीण म्हणाला. "नायतर आमी तोडू."

"हात लावून बघ."

"रूपा, आत हो," कपिल म्हणाला. ती आत झाली नाही. माणसं निघून गेली तरी खांबाला टेकून उभीच राहिली.

संध्याकाळी वाडीतली तरुण मंडळी आली. त्यांच्या पुढे प्रीतम, कर्जतच्या एका बँकेत नोकरीला, बोलायला तयार.

"जय भीम, ताई. सकाळी बरोबर तोंडावर मारलंस त्यांच्या. आता माघार नाय. त्यांनीच पुतळा म्हटलंय ना? मग बसवू पुतळा. चौथरा तर हायच."

रूपाने चहाचं आधण उतरवून ठेवलं.

"बाबासाहेबांना माझ्या न्हाणीच्या सांडपाण्याशेजारी उभं करणार तुमी?"

"ताई, तसं नाय..."

"बसवायचा तर वेशीत बसवा, हक्काने, दिवसाढवळ्या. मी पुढे चालते, मोर्चात माझाच आवाज मोठा असंल. पण हा खांब दुर्बिणीचा हाय."

"म्हणजे घाबरलीस."

"घाबरले असते तर सकाळीच तोडला असता."

प्रीतम उठला. "समाज एकीकडे आणि तुझी दुर्बीण एकीकडे. ठीक हाय. लक्षात ठेवू." चहा न घेताच सगळे गेले.

प्रवीणच्या धमकीने तिला राग आला होता. प्रीतमचं बोलणं तिला लागलं. विहाराच्या बांधकामासाठी तिनेही डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. जेवताना कपिल हळूच म्हणाला, "तोडू या का?" ती ताटावरून उठून गेली.

त्या आठवड्यात एके दिवशी ती ड्युटीवरून घरी आली, तर खांबाच्या माथ्यावर कुणीतरी हातोडा चालवलेला होता. दोन बोल्ट आडवे झाले होते, काँक्रीटचे टवके खाली पडले होते. दुर्बीण आत कुलपात होती म्हणून वाचली.

"प्रवीणचंच काम," कपिल म्हणाला.

रूपाला तेवढी खात्री वाटेना. प्रवीणची माणसं आली असती तर अख्खा खांब पाडून गेली असती. आणि वाडीतल्या पोरांनी कालच विहारापाशी तिला बघून पाठ फिरवली होती. कुणावर ओरडावं तेच कळेना, तेव्हा ती परसाच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्हीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ज्याने केलं त्याने ऐकावं! हातोडा घेऊन लपून आलास. आता तोंड घेऊन समोर ये! गावाकडून ये नायतर वाडीकडून ये, मी हितंच हाय!"

गोठ्यातली एक म्हैस हंबरली. बाकी कुठलंही दार उघडलं नाही.

तक्रार करायला ती गेली नाही. कुणाचं नाव सांगणार? कपिलनेच वाकडे बोल्ट कापले, ड्रिलने नवीन भोकं पाडली, मसाला भरून नवे बोल्ट बसवले आणि त्यांच्यावर बसवायला कारखान्यातल्या मित्राकडून एक जाड लोखंडी पट्टी कापून आणली. फरशीही दोघांनीच बसवली, खांबाभोवती बोटभर फट सोडून. ती थोडी वाकडी बसली. दोघं त्यावरूनही भांडली.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, दिवेलागण झाल्यावर, दुर्बीण खांबावर चढली. रूपाने गुरू शोधला. पिवळट गोळा, त्यावर दोन मळकट पट्टे, आणि बाजूला एका ओळीत बारके चार ठिपके, त्याचे चंद्र.

"उडी मार," ती कपिलला म्हणाली.

"काय?"

"फरशीवर उडी मार!"

कपिलने उडी मारली. मग दोन्ही पाय आपटले. गुरू जागचा हलला नाही. रूपा दुर्बिणीला डोळा लावून हसायला लागली, आणि तेवढ्यात सगळं परस पांढरंफेक झालं.

भिवाजीने गोठ्याच्या पत्र्यावर मोठा दिवा लावला होता. त्याचं तोंड सरळ रूपाच्या परसाकडे.

ती वईपाशी गेली. "दादा, दिवा खाली वळवा."

"जनावरं हायत माझी. बिबट्या येतो."

"बिबट्या माझ्या परसातून येतो?"

"कुठून बी येतो," भिवाजी म्हणाला आणि खाटेवर बसून तिच्याकडे बघत राहिला.

तो दिवा रोज लागतो. त्याच्या उजेडात अंधुक तारे आणि धुरकट ढगांसारखे तारकांचे पुंजके दिसत नाहीत. चंद्र आणि गुरू दिसतात. कपिलने दोन बांबूंना ताडपत्री बांधून आडोसा केला, तर प्रवीणने त्याबद्दलही पंचायतीत तक्रार केली. खांब पाडायची नोटीस अजून आलेली नाही, विषय मिटलाय असंही कुणी सांगत नाही. प्रीतम आता तिच्या गाडीत चढला तर पास दाखवतो आणि मागे जाऊन बसतो. रूपाही त्याला काही विचारत नाही. वेशीतल्या जागेसाठी पुन्हा अर्ज झाला, तेव्हा न बोलावता ती सभेला गेली आणि घसा बसेपर्यंत बोलली. बाहेर पडताना वाडीतल्या कुणीही तिला गाडीवर मागे बसवून घेतलं नाही. ती चालत घरी आली.

परवा संध्याकाळी भिवाजीची बायको भागूबाई वईपाशी शेण टाकायला आली होती. एवढ्या महिन्यांत ती रूपाशी एक शब्द बोलली नव्हती. ती पाटी घेऊन उभी राहिली.

"दिसतंय का गं काय त्यातनं?"

"दिसतंय. बघायचं?"

"मला नको."

"बरं."

भागूबाईने पाटी नेहमीसारखी वईला लावूनच उपडी केली आणि निघून गेली. रूपाने पदर नाकाला लावला आणि पुन्हा दुर्बिणीत वाकली. गुरू कडेला सरकला होता. तिने दुर्बिणीचं चाक हळूच फिरवून त्याला मधे घेतलं.