शहादा मोटार क्लबचा पहिला सभासद

आमच्या शहाद्याचा मिस्त्री मोटारीला हात लावण्याआधी तिच्या मालकाची उलटतपासणी घ्यायचा. गाडी कुठल्या रस्त्याने आणली, मागे कोण बसलं होतं, बंद पडण्याआधी वास आला का, आला तर कसला. प्रत्येक उत्तरावर त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, "काबर?" आमच्या बोलीत काबर म्हणजे का. त्यावरून गावात त्याचं नावच काबर मिस्त्री पडलं होतं. एकदा एक कापूस व्यापारी वैतागून म्हणाला, "मिस्त्री, गाडी नीट करी ऱ्हायना का मन्ही सोयरीक पाही ऱ्हायना?" मिस्त्री शांतपणे म्हणाला, "सोयरीकमा लोके इतलं इचारतीन, तर मंग भांडनं काबर व्हतीन?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, शाळेत इंग्रजी शिकवत होतो. मिस्त्री चाळिशीचा. मराठी अक्षरं तो लावून वाचायचा, इंग्रजी मात्र त्याला येत नव्हतं. संध्याकाळी त्याच्या गॅरेजात जाऊन बसायची मला सवय लागली, कारण सुट्या भागांच्या खोक्यांवरचा मजकूर तो मला वाचायला लावायचा आणि मी वाचलेलं असं ऐकायचा, की वर्गात कोणी मला तसं ऐकलं नव्हतं.

मोटारींच्या शर्यतींचं खूळ त्याला एका वर्तमानपत्राच्या तुकड्यातून लागलं. स्पेअर पार्ट गुंडाळून आलेल्या त्या कागदावर बातमी होती: बडोद्याला हौशी लोकांसाठी सहा तासांची शर्यत. सर्वांत वेगवान कोण हे पाहायचं नाही. सहा तास न थकता कोणाची गाडी जास्त फेऱ्या मारते ते पाहायचं. मिस्त्रीने ती बातमी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. "धावनारा घोडा त सारा पाहतस," तो म्हणाला. "हाई तर टिकनारी वस्तू इचारी ऱ्हायनात."

गाडी मिळाली कोरीटच्या एका गुजर पाटलांकडे. जुनी विलायती मोटार, चिंचेखाली पडलेली, आत कोंबड्यांनी अंडी घातलेली. पाटील म्हणाले, "घेऊन जा. फक्त कोंबड्यांना चार दिवस आधी सांग." वर्षभर खपून मिस्त्रीने ती उभी केली. मग शहादा ते खेतिया आणि खेतिया ते शहादा असा तो सबंध दिवस ये-जा करू लागला. शेजारच्या सीटवर रेडिएटरसाठी पाण्याचं पिंप. लोणखेड्याचे शेतकरी बांधावरून ओरडायचे, "काय धुंडी ऱ्हायना रे मिस्त्री?"

अर्ज भरायचं काम माझं. त्यात एक रकाना होता: आपण कोणत्या मोटार क्लबचे सभासद आहात? मी म्हटलं, आपण कुठल्याच नाही. मिस्त्री विचार करून म्हणाला, "लिख. शहादा मोटार क्लब. सभासद दोन." मी लिहिलं, आणि बडोदेवाल्यांनी ते मान्य केलं. पहिला सभासद तो, दुसरा मी.

बडोद्याला आम्ही सातवे आलो. पुढच्या वर्षी अहमदाबादच्या दुसऱ्या एका क्लबाच्या शर्यतीत पाचवे. गाडी मुख्यतः तोच चालवायचा. मधे तासभर मी, त्यानेच शिकवलेला. बाकीचा वेळ मी कडेला उभा राहून पाटीवर खडूने आमच्या आणि इतरांच्या फेऱ्यांच्या रेघा मारायचो. प्रत्येक क्लबाचे नियम निराळे असत, याचं मिस्त्रीला फार नवल. एकीकडे पेट्रोल भरताना इंजिन बंद करायचं, दुसरीकडे चालकाने खालीही उतरायचं. "हाई लोके येक जागे बसीसन नियम काबर नही करतस?" तो विचारायचा. नियम मी वाचायचे आणि त्याने पाळायचे, अशी आमची वाटणी होती.

तिसऱ्या वर्षी इंदूर. आठ तासांची शर्यत. नियमांची पुस्तिका टपालाने आली तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. वरवर चाळली, आणि अहमदाबादसारखीच आहे असं मिस्त्रीला सांगितलं. सहाव्या पानावर काय होतं ते मी वाचलंच नव्हतं.

त्या दिवशी गाडी अशी धावली की आजही आठवलं तर अंगावर काटा येतो. मिस्त्री सलग तीन तास बसून होता, एकदाही गती तुटली नाही. मीच त्याला खूण करून सांगितलं, चालू दे. शेवटी माझ्या पाटीप्रमाणे आम्ही तिसरे होतो. तेवढ्यात एक अधिकारी माझ्याकडे आला आणि इंग्रजीत म्हणाला, की कोणत्याही चालकाने सलग दोन तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही असा नियम आहे, तुमच्या फेऱ्या कापल्या आहेत, तुम्ही नववे. मी मान हलवली.

मिस्त्री गाडीखाली तेल पाहत होता. हात पुसत बाहेर आला. "काय म्हने तो साहेब?"

मी पाटीवरच्या रेघा बाहीने पुसल्या आणि म्हणालो, "नववे आलो, मिस्त्री. शेवटी शेवटी गाडी कमी पडली."

"गाडी कमी पडनी?" त्याने बॉनेटवर हात ठेवला. "कोठे?"

का बोललो असं मी? भीतीने नव्हे. तो रागावून चार शब्द बोलला असता, संपलं असतं. पण आम्हा दोघांच्या क्लबात माझं काम एकच होतं, वाचायचं, आणि तेच मी केलं नव्हतं. हिंदी तर त्याच्या घरातली बोली. इंदुरात कोणालाही विचारलं असतं तर खरं कळलं असतं. त्याने विचारलं नाही, कारण सांगायला मी होतो.

परत आल्यावर त्याने इंजिन खोललं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, कार्बोरेटर सगळं चादरीवर मांडलं. रोज एक भाग उचलून तो त्याच्याशी बोलायचा, "तू व्हता का रे?" काही सापडेना. मग त्याने धडधाकट भाग बदलायला सुरुवात केली. नंदुरबारच्या लेथवर नेऊन इंजिनाचं हेड घासून आणलं. त्यानंतर गाडी खरंच तापू लागली, आणि एक दिवस इंजिनाच्या ब्लॉकलाच तडा गेला. मी रोज संध्याकाळी तिथे बसून चहा पीत होतो.

त्याच सुमारास मुंबईच्या एका क्लबाचं बोलावणं आलं. बारा तासांची शर्यत. ह्याच शर्यतीचं स्वप्न तो पहिल्यापासून पाहत होता. त्याने मला कागद घ्यायला लावला. "लिख, खोट सापडनी का ईसू." खोट सापडली की येऊ, हे मी शुद्ध इंग्रजीत लिहिलं आणि स्वतः टपालात टाकून आलो. त्यानंतर शहादा मोटार क्लबाने कुठेही नाव दिलं नाही.

सात वर्षं गेली. माझ्या स्वतःच्या मुलाने एकदा खोटं बोलल्याबद्दल माझा मार खाल्ला, आणि त्या दुपारी मी इंदूरची ती पुस्तिका घेऊन गॅरेजात गेलो. सहावं पान काढलं, वाचलं, मराठीत सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं.

मिस्त्रीने आधी नियमाबद्दलच विचारलं. "दोन तास. काबर?"

"थकलेला माणूस चुकतो म्हणून."

"बरोबर शे. नियम चांगला शे." मग हळूच, "तो नसता तर आपला नंबर?"

"तिसरा."

त्याचा चेहरा उजळला. आतल्या खोलीकडे वळून त्याने बायकोला हाक मारली, "सुनती है क्या? गाडी में कुछ भी खराबी नहीं थी!" भाभी बाहेर आल्या, आम्हा दोघांकडे पाहून परत आत गेल्या. मिस्त्री स्टुलावर बसला. त्याने आपले तळहात उलटसुलट करून पाहिले.

"मी इंजिन खोलत व्हतू, तव्हय तुले माहीत व्हतं?"

"हो."

"रोज येत व्हता तू. आठेच, इंजिनपासे बसत व्हता."

त्याने भाभींना दोन चहा सांगितले. आम्ही प्यायलो.

मी जात राहिलो. तो पूर्वीसारखाच "ये मास्तर" म्हणायचा, नव्या ट्रकांच्या गोष्टी सांगायचा, हसायचा. मला वाटू लागलं, निभावलं. महिन्याभराने आम्ही दोघं बसलेलो असताना पोस्टमन एक लांब लिफाफा देऊन गेला. मिस्त्रीने तो फोडला. कागद इंग्रजीत होता. मी सवयीने हात पुढे केला.

त्याने कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

"ऱ्हाऊ दे, मास्तर," तो अगदी मायेने म्हणाला. "पोस्टमास्तर वाची देतीन."