धावड्यातल्या भुंगेऱ्याचं बारसं

"मॅडम, त्याला बाटलीत टाकायच्या आधी नीट बघून घ्या. मेल्यावर रंग खोटं बोलतो."

प्रा. दत्तात्रय सावळे सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. हिंगोलीच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते आणि सर आमचे विभागप्रमुख होते. प्रयोगशाळेच्या खिडकीवर बसलेला एक लांबशिंगी भुंगेरा मी पकडला होता. शरीराच्या दुप्पट लांब स्पर्शिका पाठीवर वळवून तो बोटावर शांत बसला होता. सरांनी सांगितलं म्हणून पाहिलं, तर त्याच्या पाठीवर शेवाळी रंगाची बारीक लव होती. पुढच्या आठवड्यात टाचणीवरचा तोच भुंगेरा नुसता तपकिरी दिसत होता. मी तोवर बरीच पुस्तकं वाचली होती. बघायला मात्र त्या दिवसापासून शिकले.

सर मूळचे गोरेगावचे, शेतकरी घरातले. रविवार आला की पिशवीत बाटल्या आणि भाकरी घेऊन ते कळमनुरीकडच्या माळांवर आणि टेकड्यांवर निघत. सापडलेले किडे व्यवस्थित टाचून शहरांतल्या तज्ज्ञांकडे पाठवत. त्यांतले काही विज्ञानाला नवे निघाले. तज्ज्ञांनी त्यांची वर्णनं लिहिली, त्यांना नावं दिली आणि लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत सरांचे आभार मानले. सरांना त्यात काही कमी वाटत नसे. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, मात्र ते छापील लेख ट्रंकेत साड्यांखाली जपून ठेवत. एकदा मला दाखवताना म्हणाल्या, "मला इंग्रजी येत न्हाई, पण 'सावळे' एवढं वळखू येतंय. नेहमी खालीच असतंय बघ. एकदा वर आलेलं पाहायचंय मला."

माझ्याही मनात तेच होतं. सरांच्या हाती लागलेल्या किड्याचं वर्णन एकदा तरी सरांनीच लिहावं आणि त्यावर त्यांचं नाव यावं, असं विभागात सगळ्यांनाच वाटे.

ती संधी सरांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी आली. वारंगा फाट्याच्या पलीकडच्या टेकडीवर, वाळलेल्या धावड्याच्या फांदीवर, मृगाच्या सुमारास सरांना एक नर सापडला. राखी अंग, खांद्यांवर पिवळसर लवेचे दोन पट्टे. त्याची चित्रं पाहून एका तज्ज्ञांनी कळवलं की हा नवाच दिसतो, आता उशीर न करता वर्णन छापा. एका नमुन्यावरून वर्णन छापता येतं. अनेकांनी छापलं आहे. सर तयार होईनात. "एक पोरगं पाहून सगळ्या खानदानाचा अंदाज बांधायचा व्हय? मादी पाहू द्या," म्हणाले.

या भुंगेऱ्यांच्या अळ्या लाकूड पोखरत आतच वाढतात. म्हणून सरांनी त्याच झाडाची वाळकी लाकडं आणून परसात जाळी लावलेल्या पिंपात ठेवली. दिवाळीत लेक-जावई आले. पहाटे उठून जावईबापूंनी मोठ्या उत्साहानं स्वतः बंब पेटवला. परसात इतकी सुरेख वाळलेली लाकडं असताना ते दुसरीकडे कशाला शोधतील? सर बाहेर आले तेव्हा पिंप रिकामं होतं. त्यांनी क्षणभर बंबाकडे पाहिलं आणि विचारलं, "जावईबापू, पाणी तापलं न बराबर?"

हे मला काकूंनी सांगितलं. "सण संपेपर्यंत जेवले न्हाईत धड. पण जावयाला कळू दिलं न्हाई." जावईबापूंना हे बहुधा आज, हा लेख वाचतानाच कळत असेल. त्यांनी मनाला लावून घेऊ नये. सरांना ते आवडणार नाही.

नवी लाकडं घरी ठेवण्यात अर्थ नव्हता. टेकडीच्या पायथ्याला एक तांडा आहे. तिथल्या शेवंताबाईंच्या घरी सर वर्षानुवर्षं पाणी प्यायला थांबत. त्यांच्या गोठ्याच्या कोपऱ्यात सरांनी लाकडं ठेवली आणि ती जाळू नका, एवढंच सांगितलं. पुढच्या मृगाला काही निघालं नाही. पावसाळा आला, शेवंताबाईंचं सरपण भिजलं, चुलीचा धूर घरभर झाला. सरांची कोरडी लाकडं तिथंच होती. आम्ही गेलो की त्या सुनावत, "सर, तुमचं लाकूड रातभर कुरकुर करून राहिलं. आमच्या डोळ्याला धार लागली, अन् तुमचे किडे कोरड्यात मजेत!" सर ओशाळून म्हणत, "तकलीफ होते तर जाळा बाई." त्यावर त्या पदर खोचून उठत, "काहून जाळू? इतके दिवस राखलं ते काय जाळायला?"

त्यानंतरच्या जूनमध्ये निरोप आला आणि आम्ही जीपनं गेलो. अंगणात कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलेलं होतं आणि वर दगड. शेवंताबाई म्हणाल्या, "लई चावरं हाय. पळून जाईन म्हणून झाकलं." डालग्याच्या फटींतून कोंबडीचं पिल्लूही सहज निघालं असतं. सरांनी हळूच दगड काढला. आत, वेताच्या काडीला धरून, ती बसली होती. तेच पिवळसर पट्टे, अंग भरलेलं, स्पर्शिका आखूड. सर कितीतरी वेळ उकिडवे बसून पाहत राहिले. मग शेवंताबाईंना म्हणाले, "बाई, ही मादी हाय." त्या म्हणाल्या, "मग? मादीच असणार. नराला दगड कोण ठेवतंय?" सर इतके हसले की त्यांनी तिथंच जमिनीवर बसकण मारली.

आता फक्त लिहायचं राहिलं होतं. आणि नेमकी तेव्हाच माझी आई आजारी पडली. मी रजा घेऊन लातूरला गेले. ती रजा लांबत गेली. त्याच सुमारास तज्ज्ञांनी सरांना कळवलं की तसाच एक भुंगेरा विदर्भातून दुसऱ्या एका अभ्यासकाच्या हाती आला आहे. जो आधी छापेल त्याचं नाव कायम राहतं, हा आमच्या शास्त्राचा नियम. सरांनी मला यातलं अक्षरही कळवलं नाही. त्यांची पत्रं यायची ती आईच्या तब्येतीची चौकशी करणारी. माझे तासही तेच घेत होते, निवृत्त झालेले असताना, बिनपगारी. मी परतल्यावर काकूंनी माझ्यासमोरच त्यांना धारेवर धरलं.

"ऐक, काय करून राहिले हे! आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची बारशी जेवले. आता आपल्या घरी बारसं हाय, तर पाळणा तसाच रिकामा!"

सर चष्मा पुसत म्हणाले, "आत्या गावाला गेल्ती. आत्याशिवाय कुठं नाव ठेवतेत का?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मला सख्खा भाऊ नाही. आत्या मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

वर्णन पुरं करायला नराच्या शरीराचा शेवटचा भाग मऊ करून आतला इवलासा अवयव सुईनं बाहेर काढावा लागतो. जवळच्या दोन जातींतला फरक तिथं नक्की होतो. आमच्याकडे नर एकच होता. सरांचा हात तोवर थरथरू लागला होता. सुई त्यांनी माझ्याकडे दिली. "सर, बिघडलं तर?" मी विचारलं. "बिघडलं तर जून येतोच की दर वर्षी. मी चहा टाकतो," म्हणून ते आत गेले. चहा उतू गेल्याचा वास आला, तरी आत कुणाची हालचाल ऐकू आली नाही. काम झाल्याची हाक मी मारली, तेव्हा ते दारामागेच उभे होते.

सुदैवानं आमचा लेख आधी छापून आला. भुंगेऱ्याचं नाव कळमनुरीवरून ठेवलेलं. आणि वर, लेखकांच्या जागी, पहिलं नाव माझं आणि दुसरं सरांचं. मला न विचारता त्यांनी क्रम बदलला होता. मी भांडले. ते म्हणाले, "पुढं तुम्हाला काम करायचंय. मला काय, पेन्शन चालू हाय." काकूंनी बोटानं सरांचं नाव शोधलं, माझ्या नावाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वर तर आले. पण तिथंही मागंच बसले."

काही काळानं परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. एका विद्यार्थ्यानं सुचवलं की नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरचं 'परभणी' आता दुरुस्त करावं. सर म्हणाले, "त्या दिवशी ते परभणीतच होतं. सोईसाठी चिठ्ठी बदलली, तर उद्या रंगही बदलाल." आजही ती चिठ्ठी तशीच आहे.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. टेकडी चढवत नाही, पण जीपवाल्याला पायथ्याशी थांबवून खाली बसून झाडं न्याहाळतात. त्यांचे गुडघे कुरकुरोत, पण नजर अशीच राहो, झोप शांत लागो, आणि काकूंच्या हातची गरम भाकरी त्यांना अजून पुष्कळ वर्षं पचत राहो, एवढं मी मनापासून मागते.

आणखी एक मागणं आहे, ते सरांकडेच. गेल्या जूनमध्ये आखाडा बाळापूरकडे मला एक भुंगेरा मिळाला. नर आणि मादी, दोन्ही. तो नवा आहे. वर्णन लिहून तयार आहे, फक्त नावाची जागा मोकळी आहे. तिथं मला 'सावळे' लिहायचं आहे. नियमानं तुमची परवानगी लागत नाही, पण तुम्हाला न विचारता माझा हात चालणार नाही. तुम्ही नाही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. सर, म्हणा, पण पत्रानं कळवू नका. मी रविवारी घरी येते. तेव्हा काकूंच्या देखत म्हणा.