चौरस झेंडा

माझा मामा नगरपालिकेत शिपाई होता, पण हे त्याच्या तोंडावर म्हणायची सोय नव्हती. कुणी विचारलं तर तो "झेंड्याचं बघतो" असं सांगायचा. फायली पोचवणं, पाणी भरणं, साहेबांची बेल वाजली की पहिल्यांदा ऐकू न येणं, ही त्याच्या लेखी किरकोळ कामं. खरं काम पटांगणातल्या खांबावर. तिथं गावाचा झेंडा असायचा, निळं कापड आणि मधोमध पांढरी होडी. कचेरीत सगळे त्याला झेंडामास्तर म्हणत. ही टिंगल आहे हे त्याला कळायचं, तरी तो ती मानपत्रासारखी स्वीकारायचा. मी तिथंच टायपिंगला होतो आणि राहायलाही त्याच्याकडेच, त्यामुळे माझी कुठूनच सुटका नव्हती.

रोज सकाळी तो दोरी ओढून कान लावायचा. वरची कप्पी कुरकुरली तर तेलाचा थेंब. वारा फार सुटला की हातातली फाईल कुणाच्याही टेबलावर टाकून आधी झेंडा उतरवायचा. ओल्या झेंड्याची घडी घालायची नाही, उन्हात वाळवायचा नाही, पिळायचा तर नाहीच. घरी दोन खुर्च्यांच्या पाठींवर तो सावलीत पसरलेला असे, आणि आम्ही जमिनीवर बसून जेवत असू. माझ्या शर्टांचे असे लाड कधी झाले नाहीत.

तरी वारा आपलं काम करायचाच. झेंड्याची मोकळी कड उसवायची, दोरे लोंबायला लागायचे. मामा तेवढा भाग कात्रीनं सरळ कापायचा आणि मामी मशीनवर कड दुमडून दुहेरी टीप मारायची. पण एका बाजूनं बोटभर कापड गेलं की होडी मधोमध राहत नसे. मामाला ते बघवेना. मग तो खांबाकडच्या बाजूनंही बोटभर कापायचा आणि मामी दोरीची पट्टी उसवून पुन्हा शिवायची. "अहो, नवा मागा की एक," असं ती दर वेळी म्हणायची. तो दर वेळी खिडकीबाहेर बघायचा.

असं तीन वर्षं चाललं. रोज बघणाऱ्या कुणालाच काही वावगं वाटलं नाही. होडी अगदी मध्यावर होती ना!

मग नव्या मुख्याधिकारी बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्या खांबाखाली थांबल्या, मान तिरकी केली आणि झेंडा उतरवून टेप मागवली. पाच फूट लांबीचा झेंडा तीन फुटांवर आला होता. उंचीही तीनच. इतका बिनचूक चौरस मी शाळेतही काढला नव्हता.

कचेरी दिवसभर हसली. बाई हसल्या नाहीत. दुपारी त्यांनी मला आत बोलावून आदेश टाईप करायला सांगितला. झेंड्याचं काम एका ठेकेदाराकडे द्यायचं, तो दर तीन महिन्यांनी नवा लावील आणि जुना घेऊन जाईल. मी टाईपरायटरवर कागद चढवत होतो तेवढ्यात मामा दारात आला. हातात बिस्किटांचा जुना डबा होता. त्यानं तो उघडून टेबलावर ठेवला. आत कापलेल्या सगळ्या पट्ट्या होत्या, नीट गुंडाळलेल्या. एकही टाकली नव्हती.

बाईंनी एक पट्टी उलगडली, तिच्यावरची टीप बोटानं तपासली. मग विचारलं, नवा का नाही मागितला?

मला वाटलं, मामा आता खिडकीबाहेर बघणार.

"मागणीच्या अर्जात एक रकाना आहे, मॅडम," तो म्हणाला. "खराब होण्याचं कारण. मी तिथं काय लिहू? चढवतो मी, उतरवतो मी. दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही त्याला."

बाईंनी खणातून तो छापील अर्ज काढला. संख्येच्या जागी दोन लिहिलं. कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'वारा'. खाली सही केली.

"एक वर असेल तेव्हा दुसऱ्याला विश्रांती द्या," त्या म्हणाल्या. "दोरा सुटला की त्याच दिवशी टीप मारा. आणि कात्री घरच्यांकडे देऊन टाका."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तो कागद काढला तरी चालेल.

मामानं खरंच कात्री मामीकडे दिली. ती म्हणाली की तीन वर्षांत तिचं पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं, तेही मॅडमनी सांगितल्यावर. जुना झेंडा त्यानं गार पाण्यात धुतला, सावलीत वाळवला आणि त्याच डब्यात पट्ट्यांवर ठेवला. खुर्च्या मोकळ्या झाल्या, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी नवे दोन झेंडे आले आणि विश्रांतीवरचा पुन्हा खुर्च्यांवर पसरला.

पहिला चढवल्यावर मामा खांबापासून वीस पावलं मागं गेला आणि डोळे बारीक करून उभा राहिला.

"फारच लांब वाटतो रे," तो म्हणाला.

मोजू का, म्हणून मी विचारलं. तो नको म्हणाला, होईल सवय. आणि दोरीची गाठ पुन्हा एकदा बघायला गेला.