थेंबातलं कुरण

पाण्याला वास असतो, हे खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण त्या सकाळी फिलोमेनाबायच्या तळ्याला जो वास आला, तो माझ्या ओळखीचा नव्हता. विसरून राहिलेल्या पेजेसारखा आंबूस, आणि पाणीही पेजेसारखंच पांढुरकं! काळुंदर माशांची बोटभर पिल्लं तोंडं वर काढून धापा टाकत होती.

फिलोमेनाबाय माझी शेजारीण. नवरा गेल्यावर दोन वर्षं तिने घराचा उंबरठा फारसा ओलांडला नाही. मग एक दिवस तिने परसातलं पडीक तळं उपसलं, काळुंदर पाळायचं ठरवलं, आणि तिचं हसणं कुंपणापलीकडून पुन्हा ऐकू येऊ लागलं. त्या हसण्याचा मला इतका आनंद झाला, की मी शहाणपण शिकवायला धावलो! जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेला मी मास्तर. आपल्याकडे विहिरीत जंतू मारायला टाकतात ती टीसीएल पावडर पिल्लं सोडण्याआधी तळ्यातही टाक, असं मीच तिला सांगितलं. तिने ती टाकली, पाण्याला भरपूर उन्हं दिली, मग पिल्लं सोडली. पाणी काय नितळ दिसत होतं म्हणून सांगू! मी आपला मिशीतल्या मिशीत हसत होतो.

आणि आठच दिवसांत हे. "मास्तरानु, ह्यां काय झालां ओ?" तिने विचारलं. आणि मी, लाज वाटते सांगायला, चक्क खोटं बोललो. म्हटलं, उकाडा बाधला.

घरी येऊन त्या पाण्याचा थेंब जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जिवाणूच जिवाणू, नुसती खच्चून गर्दी! मग देवळामागच्या शेवाळलेल्या तळीतला थेंब पाहिला, आणि डोळे निवले. अंगावरच्या केसांहून बारीक झुलपांनी पाणी घुसळत, गिरक्या घेत, एकपेशीय जीव त्या जिवाणूंवर संथपणे चरत होते. किती अलौकिक ते कुरण! उरलेलं खाणं, विष्ठा, गळलेलं पान, सारं कुजवून जिवाणू वाढतात. हे चरणारे त्यांना खाऊन त्यांची संख्या आवरतात, आणि त्यांच्या उत्सर्जनातून पाण्याला परत मिळालेल्या खतावर शेवाळ हिरवं होतं. त्या चरणाऱ्यांना त्यांच्याहून किंचित मोठे जीव खातात, आणि त्या जीवांना माशांची पिल्लं. खाणारा आणि खाल्ला जाणारा यांना आपण वैरी का म्हणतो? एकाच्या भुकेनेच दुसऱ्याचं घर राहण्याजोगं उरतं ना?

माझ्या पावडरीने फिलोमेनाबायच्या तळ्यातले जिवाणू आणि चरणारे, दोघेही मेले होते. जिवाणू मात्र पाहता पाहता परतले. चरणाऱ्यांना परतायला वेळ लागतो. मोकळं रान मिळालेल्या त्या जिवाणूंनी पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला. त्यांचा तरी काय दोष? भुकेले होते, जेवले. रखवालदार मीच मारले होते, ज्याने वर्षानुवर्षं फळ्यावर अन्नसाखळीचे बाण काढले त्या शहाण्याने!

मी तळीतल्या हिरव्या पाण्याच्या कळश्या वाहिल्या. "ह्यां घाण पाणी माज्या तळ्यात? येड लागलां काय तुमका?" ती ओरडली; पण अडवलं नाही. पिल्लांचं खाणं बंद केलं, निम्मं पाणी काढून खाडीचं भरलं. रोज सकाळी ती मेलेली पिल्लं वेचून माडाच्या आळ्यात पुरायची, आणि मी नजर चुकवायचो. पाणी हळूहळू हिरवट झालं, वास गेला. निम्मीअधिक पिल्लं वाचली.

रविवारी चर्चहून परतताना ती तळ्याशी थांबली. म्हणाली, "तुमी नसतास तर एक पण रवलां नसतां." ते कौतुक मला गिळवेना. मग मी सगळं सांगून टाकलं: पावडर, चूक, उकाड्याचं खोटं. बोलताना माझं नाक लाल झालं असावं.

 ती म्हणाली, "माका पयल्याच दिवशी कळलां होतां, मास्तरानु. तुमी कदी सांगतास, तांच बघी होतंय."

आणि माशांच्या खाण्याची वाटी तिने माझ्या हातात दिली.